दोन मुठींची करवत आणि पोत्यातली दोन मशिनं

मागे आमच्या धारच्या वाड्याबद्दल लिहिलं तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं, की एवढं सागवान यायचं कुठून आणि चिरायचं कोण? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे. ते एका पोत्यातून आलं.

झालं असं, की २०२२च्या दिवाळीनंतर माझा देवासचा मित्र घरी आला. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो, मी मेंटेनन्सला फिटर आणि तो स्टोअरला. तो मूळचा बागलीकडचा, बोलणं पक्कं माळवी. गाडीच्या डिकीतून त्याने एक जड पोतं काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "भिया, बापूजी का है. भंगार वालो किलो का भाव से मांगी रियो थो. म्हने नी दियो." त्याचे वडील आदल्या वर्षी गेले होते. गोठ्याच्या माळ्यावर हे पोतं वीस-पंचवीस वर्षं पडून होतं म्हणे.

पोत्यात दोन कटर निघाले. पेट्रोलवर चालणारे, साखळीचे. आमच्याकडे चेन सॉला कटरच म्हणतात. एक मोठा, श्टील कंपनीचा ०७०, १०६ सीसीचा धूड. दुसरा लहान, त्याची नावाची पट्टी कधीच निघून गेलेली. दोन्हींवर तेल आणि भुसा यांचा असा थर, की खरवडायला पटाशी लागावी. आणि या दोघांबरोबर, फाटक्या लुगड्यात गुंडाळून सुतळीने बांधलेली साडेपाच फुटांची करवत. दोन्ही टोकांना लाकडी मुठी. लुगडं करवतकाठी होतं. करवत बांधायला करवतकाठी लुगडं, हा योगायोग बायकोच्या लक्षात आला, माझ्या नाही.

मी विचारलं, ही कशाला आणलीस? ही तर दुरुस्तीची नाही. तो म्हणाला, असू दे, ही पण त्यांच्याबरोबरच होती.

निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो, गुडघे तेवढे कमी असतात. मी मोठ्या मशीनपासून सुरुवात केली.

पहिले आठ दिवस काहीच केलं नाही. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून सोडलं आणि रोज सकाळी चहा झाला की फ्लायव्हील हाताने हलवून बघायचं. जाम बसलेल्या पिस्टनला हातोडा दाखवायचा नसतो. नवव्या दिवशी एक सूत सरकलं. दहाव्या दिवशी पूर्ण फिरलं. सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं तर पिस्टनवर दोन बारीक ओरखडे होते, पण ते नखाला लागत नव्हते. म्हणजे इंजिन वाचलेलं होतं.

कार्बोरेटरमधला डायफ्राम पापडासारखा कडक झाला होता. पेट्रोल ओढायचं काम ते पातळ रबर वर-खाली होऊन करतं. ते कडक झालं की मशीन मेलं असं लोकांना वाटतं आणि भंगारात जातं. खरं तर तो दोन-चारशे रुपयांचा प्रश्न असतो. मी इंदूरला सियागंजात तीन दुकानं फिरलो, चौथ्यात किट मिळाली. पॉइंट फ्लायव्हीलच्या खाली असतात. ते बारीक पॉलिश पेपरने घासून ०.४ मि.मी.च्या आसपास लावले. कंडेन्सर मात्र मिळेना. शेवटी एका जुन्या स्कूटरचा बसवला. शुद्धतावादी लोक नाक मुरडतील, पण ठिणगी निळी पडते आहे. पेट्रोलमध्ये ऑइल २५ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. नवीन मशिनं याच्या निम्म्यावर चालतात, पण म्हाताऱ्याला जरा तूप जास्त लागतं.

साखळी लावायला सगळ्यात जास्त दिवस गेले. दात नीट पाहिले तर एकाच बाजूचे जास्त झिजलेले. कानस लावणारा माणूस एका हाताने जोर कमी लावायचा. मित्राला सांगितलं तर तो गप्प झाला. मग म्हणाला, बापूजींच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

इथे जरा या यंत्राचा इतिहास सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

साखळीची करवत आधी डॉक्टरांनी केली. १८व्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या दोन शल्यविशारदांनी हाड कापायला बारीक दातांची साखळी वापरली. ती हाताने ओढायची होती. १८३०च्या सुमाराला हाइने नावाच्या जर्मन माणसाने त्याला हँडल लावून गोल फिरणारी साखळी केली. झाड कापायला ती यायला पुढे शंभर वर्षं गेली. १९२६ साली आंद्रेयास श्टील यांनी विजेवरची केली. १९२७ मध्ये डोलमार या दुसऱ्या जर्मन कंपनीने पेट्रोलवरची काढली, तर श्टीलची पेट्रोलवरची १९२९ची. पण ही सगळी मशिनं इतकी जड होती, की दोन माणसं लागायची. एकाने इंजिनकडची बाजू धरायची, दुसऱ्याने पात्याच्या टोकाची मूठ. म्हणजे करवतीची रीत तीच राहिली, फक्त मध्ये इंजिन आलं.

साखळीच्या दाताचीही एक गंमत आहे. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. साध्या टोकदार दातांची साखळी सारखी बोथट व्हायची, म्हणून तो वैतागलेला. १९४६ साली एका ओंडक्यात त्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत आरामात पुढे जात होती. तिच्या जबड्यावरून त्याने दात बनवला. आज आपण जी साखळी पाहतो ती त्या अळीची. माझ्या अंगणात पडलेल्या साखळीतही एक दात डावा, एक उजवा, तसाच क्रम आहे.

आणि १९५०मध्ये श्टीलने एका माणसाने चालवायचं पेट्रोल मशीन आणलं. दुसरी मूठ गेली.

आता आपल्याकडे येऊ.

पवार १८व्या शतकात माळव्यात स्थिरावले, धारला एक घराणं, देवासला दोन भावांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. त्यांच्याबरोबर आपली माणसं आली, शिलेदार, कारकून, भट, आचारी, वैद्य. ही सगळी नावं मोडीतल्या कागदांत सापडतात. दुसरा बाजीराव धारच्या किल्ल्यात १७७५ साली जन्मला, हे तर धारचा प्रत्येक मराठी माणूस पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. पण या सगळ्यांना राहायला वाडे लागले, आणि वाड्यांना खांब, तुळया, पाटण, जिने, दारं लागली. ते लाकूड विंध्याच्या उतारावरून, नर्मदेकडच्या जंगलातून बैलगाड्यांवर यायचं. आज देवास जिल्ह्यात असलेलं कन्नौद-खातेगाव तेव्हा देवासकरांचं नव्हतंच, होळकरांचं होतं. बागली वेगळी ठाकुरात. म्हणजे लाकूड एका राज्यात तुटायचं आणि वाडा दुसऱ्याच राज्यात उभा राहायचा. माझे आजोबा संस्थानी जंगलखात्यात कारकून होते. ओंडक्यावर हातोड्याने शिक्का मारला की वहीत नोंद, एवढं त्यांचं काम. ओंडके किती, घनफूट किती, कोणाच्या नावे. ओढणाऱ्याचं आणि चिरणाऱ्याचं नाव लिहायचा रकानाच त्या वहीत नव्हता.

चिरणाऱ्यांना आराकश म्हणत. काम कसं चालायचं ते मित्राने सांगितलं आणि मी नंतर बऱ्याच म्हाताऱ्यांना विचारून पक्कं केलं. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा. गेरूत भिजवलेलं सूत ताणून टणकन सोडायचं, म्हणजे लाल रेघ उठते. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा डोळ्यांत भुसा घेतो. सागवानात वाळूचा अंश असतो, सिलिका, त्यामुळे दात लवकर बसतात. म्हणून दर थोड्या वेळाने थांबून कानस. दिवसभरात दोघांच्या किती फळ्या निघतात त्यावर मजुरी ठरायची आणि ती निम्मी-निम्मी.

हे कळल्यावर मी एक काम केलं. धारच्या वाड्यात गेलो (आता चुलतभावाकडे आहे), माळ्यावर चढलो आणि पाटणाच्या फळ्यांची खालची, रंधा न मारलेली बाजू बॅटरी तिरपी धरून पाहिली. तुम्हीही पाहा, फार मजा येते. हाताने चिरलेल्या फळीवर रेघा सरळ पण तिरप्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त असतं, कारण माणूस दमतो. गोल पात्याच्या मशीनने चिरलेली असेल तर रेघा धनुष्यासारख्या वाकड्या. पट्टा करवतीच्या रेघा सरळ आणि एकसारख्या, जणू फणी फिरवली आहे. आमच्या माजघरावरच्या साऱ्या फळ्या हाताच्या निघाल्या. मागच्या खोलीवर, जी वडिलांच्या लहानपणी वाढवली, तिथे धनुष्य. एका फळीवर मधेच रेघांचा कल बदललेला आहे. तिथे बहुतेक दोघांनी जागा बदलल्या असाव्यात, खालचा वर आला असावा. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण मी तिथे बराच वेळ बसून होतो.

परत येताना लाट मशिदीपाशी थांबलो. धारचा लोखंडी स्तंभ तिथे तीन तुकड्यांत आडवा पडला आहे, मिळून सुमारे १३ मीटर, दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. गुजरातचा बहादूरशाह तो न्यायला गेला आणि पडून मोडला, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. १९०२-०३च्या सुमाराला पुरातत्त्व खात्याच्या कझेन्स साहेबांनी पाहणी केली तेव्हा तिसरा तुकडा आनंद हायस्कूलमध्ये होता. शेकडो पावसाळे खाऊन त्या लोखंडावर गंज पातळ थरापलीकडे गेलेला नाही, आणि माझ्या पोत्यातली करवत वीस वर्षांत चॉकलेटी झाली होती!

देवासच्या हवेने काय होतं ते तर एका इंग्रज साहेबाने लिहून ठेवलंय. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे खाजगी चिटणीस होता. पुढे १९५३मध्ये त्याने 'द हिल ऑफ देवी' नावाचं पुस्तक काढलं, आपल्या टेकडीवरच्या देवीचंच नाव. त्यात नव्या राजवाड्याचं वर्णन आहे, बांधून पूर्ण व्हायच्या आधीच काही भाग मोडकळीला आलेला. आत दोन पियानो, हार्मोनियम, असलं बरंच सामान, सगळं नवं आणि सगळं बंद, कारण कोरड्या हवेने लाकूड तडकलेलं. वाचताना हसू येतं. पण मला फिटर म्हणून एक प्रश्न पडतो, की एवढ्या मोठ्या संस्थानात ते पियानो उघडून बघावं असं एकाही माणसाला वाटलं नसेल? की बघायला कोणी बोलावलंच नसेल?

असो, फाटे फुटतात. मूळ गोष्ट.

मित्राचे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मित्राचे काका, ही आराकशांची जोडी होती. बागली, पुंजापुरा, उदयनगर या पट्ट्यात दोघांनी पंधरा-वीस वर्षं एकच करवत ओढली. १९६९च्या वनोपज कायद्याने सरकारने लाकडाचा व्यापार आपल्या हाती घेतला, तरी तोडायला आणि चिरायला हात लागायचेच. मग १९८४ साल आलं. त्या साली दोन गोष्टी झाल्या. राज्यात काष्ठ चिरान अधिनियम आला आणि चिरकामाला परवाना लागू लागला. आणि हे दोघं ज्या ठेकेदाराकडे होते त्याने हा मोठा कटर आणला. मशीन एका माणसाचं. ठेकेदाराने विचारलं, दोघांपैकी कोण चालवणार?

वडिलांनी हात वर केला.

मित्र सांगत होता की बापूजींनी त्या दिवशी घरी येऊन जेवण केलं नाही. काका करवतीची आपली बाजू सोडून उठले आणि बागलीला निघून गेले. एक शब्द नाही, भांडण नाही. पुढे जवळजवळ तेरा वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. मित्राच्या लग्नात काका आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. बोटं गेली ती १९८८मध्ये. त्या वेळच्या मशीनला साखळी अडवणारा ब्रेक नव्हता. पात्याचं टोक गाठीला लागलं की मशीन उसळून अंगावर येतं. हाताची मजूर जोडी असती तर दुसऱ्याने ओरडून थांबवलं असतं, असं काका म्हणाल्याचं कोणीतरी वडिलांच्या कानावर घातलं. ते त्यांना बोटांपेक्षा जास्त लागलं.

१२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. देशभर जंगलातली तोड आणि परवान्याविना चाललेल्या आरा मशिनी यांवर त्याचा घाव पडला. वडील तोवर एका आरा मशीनवर कामाला लागले होते. ती बंद झाली, आणि मालकाने थकलेल्या मजुरीच्या बदल्यात हे दोन कटर पदरात टाकले. त्याच आठवड्यात काका बागलीहून आले. खांद्यावर मक्याचं पोतं. ओसरीवर ठेवलं, पाणी मागितलं आणि बसले. कोणीच काही बोललं नाही म्हणे. संध्याकाळी वडिलांनी ती जुनी करवत काढली, दोघांनी मिळून तिला तेल लावलं, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. मशिनंही तिथेच गेली.

हे सगळं मित्राने मला एका दमात नाही सांगितलं. दोन महिने, चहाच्या कपागणिक थोडं थोडं.

मोठा कटर जानेवारीत सुरू झाला. सहाव्या दोरीला फट्ट, नवव्याला धूर, अकराव्याला असा गरजला की शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. "अहो, कुमारजींच्या गावात हे काय वाजवताय?" म्हणाल्या. मी बंद केला. छाती धडधडत होती, खोटं कशाला बोलू. ब्रेक नसलेलं मशीन हातात घेऊन दोन बोटांचा विचार आला. घरच्यांनी विचारलं, आता याने कापणार काय? उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. साखळी काढून वेगळी ठेवली आहे. लहान मशीनचा सिलिंडर गेलेला निघाला, ते तसंच आहे.

मग करवत घेतली. गंज काढायला रॉकेल आणि विटेचा तुकडा, बाकी काही नाही. पातं उजळल्यावर दिसलं, की दोन मुठी सारख्या नाहीत. एक उजव्या हाताने झिजलेली, दुसरी डाव्या. काका डावरे होते. म्हणून तर जोडी जमली होती, दोघांची तोंडं एकाच बाजूला राहायची.

मार्चमध्ये मित्र काकांना घेऊन आला. ऐंशी ओलांडलेली, डोक्याला पांढरा फेटा, कानाने कमी. मी कटर दाखवला तर त्यांनी नुसतं पाहिलं, हात लावला नाही. करवत दाखवली तर दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, कानस कोणी लावली? मी म्हणालो, मी. त्यांनी मान हलवली. चांगली की वाईट, कळलं नाही.

अंगणात कडुलिंबाची वाळलेली फांदी पडली होती, वादळात मोडलेली. काकांनी ती दोन विटांवर टेकवायला सांगितली. डाव्या मुठीशी बसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी उजवी धरली. चार-पाच वेळा ओढली आणि पातं अडकलं. परत लावलं, परत अडकलं.

काका म्हणाले, "खेंच. धक्को मती दे." म्हणजे, ओढायचं फक्त. ढकलायचं नाही. तुझी बारी झाली की हात सैल सोड, पलीकडचा नेतो.

तिसऱ्या वेळेला करवत चालली. फांदी पडायला पाच-सात मिनिटं लागली असतील, माझा खांदा दोन दिवस दुखला. काकांना धापही लागली नव्हती. त्यांनी कापलेल्या तोंडावरचा भुसा फुंकला, रेघा पाहिल्या आणि चहा मागितला, साखर जास्त.

करवत ते घेऊन गेले. कटर माझ्याकडे आहे. ०७०च्या दोरीची पुली आतून तडकली आहे, कोणाकडे जुनी पडलेली असेल तर कळवा. आणि धार-देवासच्या जुन्या वाड्यांत ज्यांचा अजून माळा शाबूत आहे त्यांनी बॅटरी घेऊन एकदा वर चढा. रेघा कशा आहेत त्याचा फोटो टाका.